धोंडुआत्याची म्हैस

पलूस, १२ जानेवारी २०२५

चि. राजेश्वरीस, नाथाजीकाकाचे अनेक आशीर्वाद.

मेबल हार्ग्रोव्हबाईंचं तू लिहिलेलं चरित्र वाचून झालं. शाळेत शिकवत अकरा कादंबऱ्या लिहिणारी, अमेरिकेत नावाजलेली बाई. पण पहिल्या कादंबरीत बहिणीचं मोडलेलं लग्न घातलं, म्हणून बहिणीनं चाळीस वर्षं दार उघडलं नाही. तिथं पुस्तक मिटलं.

कारण तुझ्या नव्या कादंबरीचं बाडही सोबत होतं. त्यातली नवऱ्यानं टाकलेली सुलोचना म्हणजे तुझी आत्या, आपली धोंडुअक्का, हे सगळं गाव ओळखेल. तिला विचारलंस का? तुझी काकी म्हणते, एवढं चरित्र लिहून पोरगी शिकली काय?

माया आहे तशीच राहू दे.
नाथाजी

सातारा, १९ जानेवारी

ती. काकांना शि. सा. न.

काकींचा टोमणा बरोबर बसला. मी नाव बदललं, गाव जतकडचं केलं. मग आठवलं, हार्ग्रोव्हबाईंनीही बदललं होतं.

पुढच्या महिन्यात छपाई आहे. आत्या नको म्हणाली तर पाच वर्षांचं काम गेलं. पण तिनं नको म्हटलं तर नकोच. तिला वाचता येत नाही आणि समोर बसून वाचायचा मला धीर नाही. तुम्ही वाचून दाखवाल?

काकींना नमस्कार. रागावला असलात तरी पत्र लिहा.
राजेश्वरी

पलूस, २ फेब्रुवारी

चि. राजेश्वरीस आशीर्वाद.

ज्योतिबाला हात जोडून वाचायला बसलो. चार दुपारी लागल्या. अक्का शेंगा फोडत ऐकत होती. नवरा दुसरी बायको घेऊन दारात येतो, तिथं तिचे हात थांबले. मीही थांबलो. तर म्हणाली, वाच रं, पुढचं मला ठावं हाय, पर हिनं कसं लिवलंय ते ऐकू दे.

सुलोचना शिवेवर रडत बसते, तिथं मात्र भडकली. म्हणाली, म्या कवा रडले? बापानं दिलेली म्हस दावणीची सोडली आन् इस्लामपूरच्या अंगानं दिवसभर चालत माहेरी आले. वाटंत धार काढून प्याले बी.

हे मलाही ठाऊक नव्हतं. तेव्हा मी पाळण्यात.

छापायला तिची ना नाही. फक्त रडणं काढ आणि म्हैस घाल. आणि नाव धोंडुबाईच ठेव, असा निरोप आहे. म्हस म्या आनली, ती कोन सुलोचना?

आमची आठवण ठेव. पुस्तक पहिलं इकडे आण. अक्काला वाचून मीच दाखवीन.
नाथाजी