पुलापर्यंत नेणारी मोटर

अब्बा,

तुमची मोटर मी तुम्हाला न विचारता उघडली, तेव्हा तुम्ही चार दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. आता ते चार दिवस आठवले की हसू येतं, तेव्हा नव्हतं आलं. शुक्रवार होता. आमच्या कंपनीची सुट्टी शुक्रवारची, म्हणून मी आदल्या संध्याकाळीच शिक्रापूरहून दौंडला आले होते. तुम्ही जुम्म्याच्या नमाजाला गेलात आणि मी पडवीत वर्तमानपत्र अंथरून तुमच्या होडीची मोटर मोकळी केली. तुम्ही परत आलात तेव्हा कव्हर एकीकडे, आतलं फिरणारं आर्मेचर दुसरीकडे आणि सगळे स्क्रू चहाच्या बशीत होते. तुम्ही टोपी काढलीत, घडी घालून खिशात ठेवलीत आणि एवढंच म्हणालात, "दुसऱ्याचं मशीन उघडायच्या आधी त्याला विचारतात. मी हे शिकवलं नव्हतं?" ओरडला असतात तर बरं झालं असतं.

पण मी तरी काय करणार होते? दोन महिने तुम्ही नदीवर गेला नव्हतात. सबंध नोकरी तुम्ही रेल्वेच्या डब्यांखाली काढली होती. डब्यांच्या पोटाशी ज्या बॅटऱ्या असतात, ज्यांच्यावर आतले दिवे आणि पंखे चालतात, त्या बघणं हे तुमचं काम. रिटायर झाल्यावर लोक घराला वरचा मजला काढतात, तुम्ही पत्र्याची होडी केलीत. भीमेत गळ टाकायचा, तोही काठावर बसून नाही, तर गळ मागं सोडून होडी हळूहळू चालवायची, म्हणजे मरळ मागनं येते असं तुमचं म्हणणं. पण एका हातात गळ धरला की वल्हं मारायला एकच हात उरायचा, आणि तुमचा डावा खांदा तर कधीच कामातून गेलेला. म्हणून तुम्ही मोटर बनवलीत. भंगारातल्या गाडीचा रेडिएटरचा पंखा फिरवणारी मोटर, तिला लांब नळी, नळीच्या टोकाला पत्रा कापून केलेली पाती, आणि पायाशी ट्रकची जुनी बॅटरी. नदीवर जाळी टाकणारे आप्पा, ज्यांनी तुम्हाला कुठल्या डोहात काय लागतं ते दाखवलं, ते काठावरून ओरडायचे, "भाई, वाईच थांबा, माझी म्हस तुमच्या फुडं चाललीय!" आणि तुम्ही वळून हात हलवायचात. होडीतला तुमचा तो हात मला अजून दिसतो. इतका आनंदी माणूस मी घरात कधी पाहिला नव्हता.

मग ती दुपार आली. वरच्या धरणातून पाणी सोडलेलं, वारा सुटलेला, पात्यांना जलपर्णी गुंडाळली गेली आणि बॅटरी बसली. होडी वाहत निघाली. आप्पांनी वल्हं मारत येऊन, दोरी बांधून तुम्हाला काठाला ओढून आणलं. तिथं घाटावर धुणं धुणाऱ्या बायकांनी ते बघितलं, आणि तुम्ही घरी पोचायच्या आधी बातमी अम्मीपर्यंत पोचली. अम्मीनं काही ऐकून घेतलं नाही. होडीच्या साखळीला जे कुलूप लागायचं त्याची चावी तिनं तुमच्या खिशातून काढली आणि ओढणीच्या टोकाला गाठ मारून बांधली. "अब बस. घर में बैठो," म्हणाली. तुम्ही बसलात. रेडिओ लावून, पेपर उलटासुलटा वाचत, दुपारी जेवण अर्धं टाकत. फोनवर मला सांगायचात की सगळं ठीक आहे. घरी आले की ठीक काही दिसत नव्हतं.

मी तेव्हा शिक्रापूरच्या कंपनीत छोट्या मोटरींच्या टेस्टिंगला होते. दिवसभर मोटर लावायची, किती करंट घेते, किती फेरे मारते ते बघायचं, पास किंवा फेल. मग माझ्याच बापाची मोटर फेल का झाली हे मला बघावंसं वाटणारच. बघितलं, आणि तेच तुम्हाला सगळ्यात जास्त लागलं. मोटर बिचारी जळली नव्हती. बॅटरीपासून मोटरीपर्यंत तुम्ही घरातल्या दिव्याची वायर टाकली होती. ती जागोजागी गरम होऊन वितळली होती. "वायर बारीक पडली, अब्बा," मी म्हणाले. पंधरा-पंधरा डब्यांच्या गाड्या तुमच्या हाताखालून उजळून गेल्या होत्या, आणि हे तुम्हाला सांगायला मी आले होते. तुम्ही वायरीचा तो काळा तुकडा उचललात, बोटांनी चोळलात आणि आत निघून गेलात. दुसऱ्या दिवशी पहाटे मी निघाले तेव्हा तुम्ही दाराशीही आला नाहीत.

पाचव्या दिवशी शिक्रापूरला खोलीच्या घरमालकीणबाईंनी हाक मारली, "फोन हाय गं तुझा, दौंडावनं!" मी धावत जिना उतरले. तुम्ही सलामही केला नाहीत, कशी आहेस विचारलं नाहीत.

"मोटरीच्या आतले कार्बन ब्रश, आर्मेचरला घासणारे, किती झिजलेत ते बघितलंस का?"

"बघितलं. निम्मे गेलेत."

"मग ती मोटर रेल्वेच्या पुलापर्यंत जायची नाही. दुसरी बघ." लगेच पुढं म्हणालात, "आणि बॅटरी ट्रकची नको. ट्रकची बॅटरी एक झटका द्यायला असते, इंजिन सुरू केलं की तिचं काम संपलं. आपल्याला डब्याखालच्यासारखी पाहिजे. थोडं थोडं देणारी, पण तासन्‌तास देणारी."

फोन ठेवला तेव्हा घरमालकीणबाई म्हणाल्या, "काय गं, कुणाला पोरगं झालं का? एवढी हसतीयास!"

त्यानंतरचे दोन महिने माझ्या आयुष्यातले फार चांगले महिने होते. कंपनीत माल ओढायची एक बॅटरीवरची ट्रॉली भंगारात निघाली होती. साहेबांना सगळी हकिकत सांगितली तर ते आधी पाच मिनिटं हसले, मग तिची मोटर आणि दोन वेगांचा स्विच रीतसर कागद करून मला दिला. ती मोटर चोवीस व्होल्टची, म्हणजे बॅटऱ्या दोन लागणार, एकीला एक जोडून. लोडशेडिंगमुळे तेव्हा घरोघरी इन्व्हर्टर येत होते, त्यांच्या उंच बॅटऱ्या मिळायच्या. त्या मी बोनसमधून घेतल्या. पण आणायच्या कशा? एसटीचा कंडक्टर म्हणाला, "ताई, ॲसिड सांडलं तर मला नोकरीवरनं काढतील." शेवटी कासुर्डीचे एक फुलवाले भेटले. शिक्रापूरला झेंडू पोचवून त्यांचा टेम्पो रिकामा परत चालला होता. चौफुल्यापर्यंत सोडतो म्हणाले. मी मागं रिकाम्या क्रेट्सच्या मधे बसले, दोन्ही बॅटऱ्यांना दोन हातांनी धरून, त्या कलंडू नयेत म्हणून. न्हावऱ्याच्या पुढं रस्ता असा, की प्रत्येक खड्ड्याला आम्ही तिघी एकदम उडायचो. चौफुल्याला तुम्ही ओळखीच्या रिक्षावाल्याला घेऊन उभे होतात. पोरीकडे बघायच्या आधी तुम्ही बॅटरीची झाकणं तपासलीत, मग माझ्या केसांतली झेंडूची पाकळी काढलीत. "लग्नातून आल्यासारखी दिसतेस," म्हणालात.

पडवीत काम सुरू झालं. तुम्ही पेटीतून तुमचं हायड्रोमीटर काढलंत, बॅटरी किती भरली ते सांगणारं. ती काचेची नळी उन्हाकडे धरून, आतला तरंगता तुकडा कुठल्या रेघेवर थांबतो ते मला दाखवलंत. "ही तुझी आता," म्हणालात, अगदी सहज, जशी कुणी मीठ पुढं करावं. वायरीला वेल्डिंगच्या मशीनची जाड केबल आणली, ती मात्र तुम्ही स्वतः निवडलीत. दुकानात दोनदा विचारलंत, "याहून जाड नाही?" पात्यांवरून आपलं भांडण झालं. मला धारदार, सरळ पाती हवी होती. तुम्ही म्हणालात, सरळ पात्याला जलपर्णी अडकते, मागं झुकलेलं पातं तिला सटकवून देतं. तुमचं बरोबर निघालं. बॅटऱ्या कुठं ठेवायच्या यावरून पुन्हा भांडण. मी म्हटलं, दोन्ही मागं, मोटरीजवळ. तुम्ही गालात हसलात आणि माझ्या मनासारखं करू दिलंत. चाचणीसाठी अम्मीनं कुलूप स्वतः येऊन उघडलं आणि काठावरच उभी राहिली. होडी पाण्यात ढकलली, आणि तिचं तोंड हे असं वर!

आप्पा पोट धरून हसत होते. "आवो, ही होडी हाय का नाग? फना काढलाय तिनं!"

मग एक बॅटरी पुढच्या टोकाला नेली, जाड केबल मधून टाकली, आणि होडी पाण्यावर ताटासारखी सपाट बसली. तुम्ही अम्मीकडे हात पुढं केलात, चावीसाठी.

"पहले मैं बैठूँगी," अम्मी म्हणाली. "पूल तक जाके वापस. फिर चावी."

नदीच्या काठी संसार केलेल्या त्या बाईनं तोवर पाण्यात घोट्याच्या वर पाय घातला नव्हता. आप्पांनी ट्रकच्या चाकाची फुगवलेली ट्यूब आणली. बुरख्यावरून घालताना ती अडकली. आप्पांची बायको एकीकडून आणि मी दुसरीकडून ओढत होतो, आणि अम्मी मधे उभी राहून दुआ पुटपुटत होती. शेवटी ती होडीच्या मधोमध बसते, दोन्ही हातांनी दोन्ही कडा गच्च धरून, डोळे मिटून. तुम्ही पुढं. मोटरीवर मी. आप्पा शेजारून आपली होडी वल्हवत येतात, उगाच नाही, तुम्ही त्यांना सांगितलं होतं ते मला नंतर कळलं.

मी पहिला वेग लावते. आवाज जवळजवळ नाहीच, नुसती पाण्याची सळसळ. धार समोरून येते आहे आणि आपण तिच्यावर चढतो आहोत. काठावरची बाभळ मागं जाते, धुण्याचा दगड मागं जातो, आप्पा मागं पडतात. "आरं, थांबा की रं!" ते ओरडतात आणि तुम्ही वळून हात हलवता, तसाच. जलपर्णीचा एक ढिगारा येतो. पाती त्यातून सटकन बाहेर पडतात. तुम्ही बोट वर करता, बघितलंस? आणि समोर मनमाडच्या लाइनचा पूल मोठा मोठा होत येतो. त्याच्या खाली पोचतो तर वरून गाडी. सगळा पूल धडधडतो, आणि अम्मी डोळे उघडते. खिडक्यांतून लोक खाली बघताहेत, एक बाई हात हलवते आहे. अम्मीही कडेवरचा एक हात सोडते आणि हलवते. तुम्ही डब्यांच्या पोटाकडे बघत होतात, सवयीनं. मी अम्मीकडे बघत होते.

गाडी गेली. मी होडी वळवायला लागले.

"इतनी जल्दी?" अम्मी म्हणाली. "आगे क्या है?"

पुढं काय आहे ते दाखवता दाखवता आपण त्या दिवशी अस्रची, दुपार कलल्यावरच्या नमाजाची, वेळ होईपर्यंत परत आलो नाही. घाटावर उतरल्यावर तुम्ही पुन्हा हात पुढं केलात. अम्मीनं ओढणीची गाठ चाचपली आणि तशीच ठेवली. "चावी मेरे पास ही रहेगी," म्हणाली. "मेरे बिना नहीं जाना." पुढची सहा वर्षं तुम्ही तिच्याशिवाय गेला नाहीत. मासे कमी मिळायला लागले, कारण ती बोलत राहायची आणि तुम्ही गळाकडे बघायचं विसरायचात. पण तुम्ही दुपारचं पूर्ण जेवत होतात. मला तेवढं पुरे होतं.

तुम्ही गेल्यावर होडी आप्पांच्या मुलाला दिली. अम्मीच म्हणाली, पाण्यातली वस्तू पाण्यातच राहू दे. मी आता दुसऱ्या कंपनीत आहे, बॅटऱ्यांचंच काम बघते. नव्या पोरी हाताखाली येतात, त्यांना पहिल्या दिवशी जाड वायर आणि बारीक वायर हातात देते आणि तुमची गोष्ट सांगते. तुमचं नाव घेत नाही, चूक कुणाची होती तेही सांगत नाही.

हे पत्र लिहून झालं की कपाटात कपड्यांच्या खाली ठेवीन. कुणाला दाखवायचं नाही, कारण यात एक गोष्ट लिहायची आहे. त्या दिवशी होडीत चढताना तुम्ही माझ्या कानाशी हळूच विचारलंत, "तुला पोहता येतं ना?" आणि मी म्हणाले, "येतं की, शिक्रापूरला शिकले." अब्बा, शिक्रापूरला आमच्या वाट्याला दिवसाला दोन बादल्या पाणी यायचं. मला तेव्हा पोहता येत नव्हतं. अजूनही येत नाही.