विहिरीच्या वरच्या अंगाला

बाबा, आज सकाळी विहिरीवरच्या फरशीवर मी तुळशीची कुंडी नेऊन ठेवली. आता ती फरशी कोणी हलवणार नाही. तुम्हाला जाऊन बावीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत तुम्हाला लिहावं असं काही मी केलं नव्हतं. आता केलं आहे.

समता कॉलोनीतली भाड्याची जागा सोडून तुम्ही शहराबाहेर बीरगांवात प्लॉट घेतला तेव्हा मी पाचवीत होते. चहूकडे धानाची शेतं, दिवेलागणीनंतर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. सदर बाजारातले काका हसले होते, "तिथं कोल्ह्यायले चहा पाजता का दादा?" तुम्ही म्हणालात, "थांब ना. शहरच चालून येते आपल्या दारी." रेल्वेच्या कारखान्यातून सुटून आलात की विहीर खणणाऱ्यांबरोबर तुम्हीही कुदळ घेऊन खाली उतरायचात. पाणी लागलं त्या दिवशी आईनं पुरण घातलं. पुढे इकडच्या कारखान्यांत पोटासाठी आलेली माणसं दाराशी पाणी मागायला थांबू लागली. तुम्ही आधी स्वतः घोटभर प्यायचात, मग त्यांच्या ओंजळीत ओतायचात. मी विचारलं, असं काहून? तर म्हणालात, "आपण पितो तेच दुसऱ्याले द्यायचं." मला तेव्हा वाटलं, तुम्हालाच तहान लागलेली असते.

एकदा मी पेरूच्या झाडाखाली, विहिरीच्या वरच्या अंगाला, साबण लावून कपडे धूत बसले होते. तुम्ही दंडाला धरून उठवलंत. "काहून वो पोट्टी, दुसरी जागा नाही भेटली? पाणी जमिनीच्या पोटातून चालून येते. तुले दिसत नाही म्हणून काय झालं?" तुम्ही माझ्यावर ओरडल्याचं तेवढंच आठवतं. मी फुगून बसले. जेवताना तुम्ही माझ्या भातावर स्वतः तूप वाढलंत आणि मी फुगलेल्या तोंडानंच ते खाल्लं.

शहर आलं, बाबा. तुम्ही म्हणालात तसंच चालत आलं, फक्त दारात पाय पुसले नाहीत. शेतं गेली, गल्ल्या आल्या, गल्ल्यांत गल्ल्या आल्या. रोज सकाळी ओसरी झाडली की सूपभर काळी धूळ निघते. कारखान्यांतल्या माणसांना खोल्या हव्या होत्या, आणि वीतभर जागा असलेला जो तो घरमालक झाला. मग तुमची एकुलती एक लेक का मागे राहील? आधी दोन खोल्या काढल्या, मग चार, मग वर तेवढ्याच. पेरू तोडला. एवढ्या लोकांच्या संडासाचा खड्डा कुठं काढायचा, तर पेरूचीच जागा तेवढी उरली होती. मिस्त्री म्हणाला, "दीदी, कुआँ तो बाजू में ही है." मी म्हटलं, "हव, पता है. तू खोद." खड्डा खालून पक्का बांधला नाही, हेही माझ्या डोळ्यांदेखत झालं. तुमची आठवण आली होती. मी चहा ठेवायला आत गेले.

गेल्या वर्षी कोपऱ्यातल्या खोलीत एक जोडपं राहायला आलं. तो भट्टीवर कामाला, तिला नुकतेच दिवस गेलेले. नळाच्या पाण्याला वास येतो म्हणून ती नाक मुरडायची. मीच म्हटलं, "कुएँ का पी ना. मेरे बाबा ने खोदा है, अमृत है." हंडा भरून निघाली की हसून म्हणायची, "दीदी, आपके बाबा को पुण्य लगेगा." उन्हाळ्यात तिचे डोळे पिवळे झाले. आमच्या खोल्यांत आणखी तिघांना कावीळ झाली, ते बरे झाले. ती गेली, आठव्या महिन्यात, पोटातल्या बाळासकट. डॉक्टर म्हणाले, कावीळ पाण्यातूनच आली.

सगळ्यांचा राग नळावर निघाला. मोर्चा निघाला आणि रिकामी घागर घेऊन सगळ्यांच्या पुढे मी होते. घसा बसेपर्यंत ओरडले. नळाचं पाणी तपासलं, ते चांगलं निघालं. कोणाचा विश्वास बसला नाही. विहिरीबद्दल कोणी विचारलंच नाही, कारण ती तुमची विहीर. आठवड्यानं मी तिच्यावर फरशी घातली. त्या गेलेल्या पोरीचा नवरा गावी जायला निघाला तेव्हा माझ्या पाया पडला. "आपने बहुत किया, दीदी." मी त्याला वाटेसाठी पोळ्या बांधून दिल्या.

काल त्या खोलीत नवं कुटुंब आलं. बाईनं विचारलं, कुआँ बंद क्यों है? मी म्हटलं, सूख गया. फरशी घालायच्या आधी मी वाकून पाहिलं होतं, पाणी भरपूर होतं, अगदी नितळ. खड्डा आहे तिथंच आहे. हलवायला आता हातभर जागा उरलेली नाही, आणि खोल्या रिकाम्या करण्याइतकी मी चांगली नाही. हा कागद तुमच्या ट्रंकेत तळाशी घालून कुलूप लावणार आहे. तुम्ही असतात तरी हातात दिला नसता.

एक राहिलं. तिला अमृत म्हणून सांगितलं तेव्हा माझ्या स्वयंपाकघरात विकतच्या पाण्याचा कॅन होता. चार वर्षांपासून तुमच्या विहिरीचा घोट मी घेतला नव्हता, बाबा.