ओढ्यापलीकडची नोंदवही

प्रिय ढांग्या,

मी कुठे बसून लिहितोय हे कळल्यावर तू म्हणशील, म्हातारा चळला. म्हण बापडा. दरीतल्या त्या लाकडी खोपीत, खिडकीलगतच्या टेबलाशी बसलोय. टेबलाचा एक पाय तोकडा आहे, त्याखाली कुणीतरी चपटा दगड सारलाय. बूट दाराशी उन्हात पालथे घातलेत. दुपार कलायला लागलीय, बाहेर ओढ्याखेरीज कुणी बोलत नाही. तुझी गोगलगाय पोचली, गड्या. एक्केचाळीस वर्षं उशिरा, पण स्वतःच्या पायांनी पोचली.

डोंगरातली ती मोठी वाट आता ओळखू येत नाही, मी तिचा दोन दिवसांचा तुकडाच चाललो तरी. धारेवरच्या झाडांना जागोजाग पिवळे पट्टे मारलेत आणि तरुण मंडळी तेरा दिवसांचं अंतर दहा दिवसांत उरकायच्या घाईत असतात. एका मुलीनं थांबून विचारलं, "आजोबा, चुकलात का?" मी म्हटलं, "हो, पण फार पूर्वी." तिला काही उमगलं नाही. मूठभर मनुका माझ्या हातावर ठेवून ती पुढे गेली. मी मात्र पाचवीत बाईंनी आपल्याला शिकवलेल्या कविता म्हणत चाललो होतो. चढावर दोन पावलांना एक शब्द, सपाटीवर पावलाला एक. धाप लागली तरी चाल मोडत नाही, हा त्या कवितांचा मोठा गुण. तिसरं कडवं आलं आणि तू आठवलास. तुला ते जन्मात पाठ झालं नाही. तू तिथे त्याच चालीत भाज्यांची नावं घुसडायचास आणि बाई फळ्याकडे तोंड फिरवून हसू दाबायच्या.

दुभंगलेल्या खडकापाशी मी मोठी वाट सोडली. तिथून खाली पट्टे नाहीत, माणसं क्वचितच, नुसते कमरेइतके नेचे. तासाभरानं ओढा लागला आणि ओढ्यावरचा ओंडका. आपल्या वेळचा तो कधीच कुजला असणार, हा नवा आहे, पण तितकाच बुळबुळीत.

आता एक कबूल करतो. एक्केचाळीस वर्षांपूर्वी त्या दिवशी माझा पाय मुरगळला होता हे खरं, पण एवढाही नव्हता. मी ओंडका पाहिला, खालचं पाणी पाहिलं आणि माझी गाळण उडाली. "तू हो पुढे, मी येतोच मागून," म्हणालो आणि काठच्या एका खडकावर बसकण मारली. तू चार ढांगांत पलीकडे. दोन तासांनी परत आलास ते उड्या मारतच, "खोपीतल्या वहीत तुझंही नाव लिहिलंय!" मी असा काही भडकलो की विचारू नकोस. माझा जन्म गेला छापखान्यात मुद्रितं तपासण्यात, एक काना चुकला तर मला जेवण गोड लागत नाही. न पोचलेल्या माणसाचं नाव पोचलेल्यांच्या वहीत! मी तुला खोटारडा म्हणालो आणि वर्षभर तुझ्या घड्याळांच्या दुकानावरून जाताना रस्ता ओलांडला. पुढे तूच पडतं घेतलंस, दुरुस्त केलेलं घड्याळ द्यायच्या निमित्तानं घरी आलास. घड्याळ माझं नव्हतंच. पण या खोपीचा विषय आपण पुन्हा काढला नाही.

गेल्या आठवड्यात तुझ्या सूनबाईचा फोन आला. "काका, खुब्याचं ऑपरेशन होऊन सहा आठवडे झाले. डॉक्टर म्हणतात चाला, आणि बाबा भिंतीकडे तोंड करून पडून राहतात. ती चालायची चौकट समोर आणली की म्हणतात, ढांगा टाकणारा माणूस मी, आता हा पाळणा ढकलत फिरू? तुम्ही तरी सांगा." फोनवर सांगून तू ऐकणार नाहीस हे मला ठाऊक. म्हणून मी माळ्यावरून बूट काढले.

आणि ऐक, ओंडका मी कसा ओलांडला ते. घोड्यावर बसतात तसा बसलो आणि दोन्ही हातांनी पुढे सरकत गेलो, इंच इंच, कविता मोठ्यानं म्हणत. विजार मागून टरकली. मध्यावर दोन पोरं मागून येऊन खोळंबली, "सावकाश आजोबा, घाई नाही," म्हणाली. लाज? वाटली ना. तीन-चार इंच वाटली, मग सरकण्याच्या नादात विसरलो.

खोपीतल्या फळीवर जुन्या नोंदवह्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवल्यात. आपलं वर्ष सापडायला अर्धा तास लागला. माझं खोटं नाव खोडायचं असं घरून ठरवून आलो होतो, लाल पेन्सिलही आणली होती. पान उघडलं. तुझी भलीमोठी सही, तिच्याखाली माझं नाव, आणि पुढे बारीक अक्षरात तू लिहिलं होतंस, 'मागून येतोय.' ढांग्या, तू खोटं लिहिलंच नव्हतंस. मी सांगितलं तेच लिहिलंस. खोटा ठरलो होतो तो मी. लाल पेन्सिल परत खिशात गेली.

आता या पत्राचं कारण. आजच्या वहीत मी माझं नाव आणि तारीख घातली. खाली तुझं नाव लिहिलं आणि पुढे बारीक अक्षरात तेच दोन शब्द. मला एक्केचाळीस वर्षं लागली, तुला मी एक देतो. पुढच्या वर्षी पानं गळायच्या आत. चुकीची ओळ मी आजवर छापून जाऊ दिलेली नाही, हीही चुकीची ठरू देणार नाही. उद्या खाली उतरून हे टपालपेटीत टाकतो आणि मागोमाग सोमवारी तुझ्याकडे येतो. दार सूनबाईनं उघडायचं नाही, तू उघडायचंस. चौकट धरून ये, पाळणा म्हण, गाडा म्हण, पलंगापासून दारापर्यंत बारा पावलं आहेत, मी मोजलीत. दोन पावलांना एक शब्द. तिसऱ्या कडव्याला भाज्या चालतील.

दाराबाहेर वाट पाहणारी,
तुझीच
गोगलगाय