टेंगूळ आलं म्हणून हायसं वाटलं

१४ मार्च

ती. ताई, नमस्कार.

दोन महिने पत्र नाही, माफ कर. काम होतं, हे अर्धंच खरं.

दहा दिवसांपूर्वी आमच्या कारला मागून धडक बसली आणि माझं डोकं काचेवर आपटलं. टेंगूळ आलं, तेव्हा उलट हायसंच वाटलं. आठवतं? मी जिन्यावरून गडगडलो की आई गार चमचा दाबत म्हणायची, "बाहेर आलं ना, मग आत काही नाही." तू म्हणायचीस, "आत होतंच काय?"

त्या भरवशावर मी डॉक्टरकडे गेलोच नाही. आज शेजारच्या डॉक्टरीणबाई रागावल्या. "टेंगळावरून आतलं कळत नाही. रक्तस्राव सावकाशही होतो. डोकेदुखी वाढतेय? मळमळ? शब्द अडतात?"

मी नाही म्हणालो. खरं तर डोकं रोज जास्तच दुखतंय. सकाळी लेकीला हाक मारताना तिचं नावच आठवेना. तुझं लहानपणचं "ठमे" तेवढं तोंडात आलं. लाड समजून ती हसली.

बायकोला आत्ता सगळं सांगितलं. ती चपला घालून दारात उभी आहे. आम्ही इस्पितळात निघालोय. तुझा गुडघा कसा आहे?

तुझा धाकटा

उद्याचं काम: लेकीला नावाने हाक मारणे.