शेवग्याच्या जागेवरचं लॉन

१९ सप्टेंबर, गुरुवार

तीन दिवस उघडीप. लॉन घोट्याच्या वर गेलंय. सकाळी ह्यांची खुर्ची व्हरांड्यात आणली तेव्हापासून एकच चाललंय, "थम." पाणी दिलं, नको. चहा, नको. पंखा बंद केला, पाठीमागची उशी सरळ केली. "थम." जुलैत झटका आल्यापासून तोंडात एवढा एकच शब्द उरलाय. सत्तावीस वर्षं फौजेत होते, पोरांकडून कवायत करून घ्यायचे. त्यातलं बाकी सगळं गेलं, थांबायचा हुकूम तेवढा राहिला. उजवा हात मांडीवर पडून असतो. शेवटी डाव्या हाताचं बोट कुठं आहे ते बघितलं. लॉनकडं.

म्हणजे गवत कापायचं. कोणी? मीच.

२१ सप्टें., शनि.

मशीन स्वतः चालवलं. एकदाच खोल कापलं की महिनाभर बघायला नको, असं मनात. अर्ध्यावर आल्यावर मागं वळून बघते तर हिरवं काही शिल्लक नाही. पिवळी खुंटं आणि माती. हे डावा हात खुर्चीवर आपटायला लागले. डोळ्यांत पाणी. मीही ओरडले, "मग आधी सांगायचं ना." तोंडातून गेल्यावर कळलं काय बोलले ते.

संध्याकाळी सुनीलचा पुण्याहून फोन. त्यानं मोबाईलवर वाचून सांगितलं, आई, गवत कितीही वाढलं तरी एका वेळी वरचा तिसरा हिस्साच उतरवायचा, चार-पाच दिवसांनी परत. कापून झाल्यावर सगळे हुशार.

२४ सप्टें., मंगळ.

शांतव्वा आली. जतकडची. इकडं पलूसला द्राक्षबागेत कामाला असते, सुट्टी असली की माझ्याकडं. लव्हाळा काढायला बसवली. पावसानं लॉनभर माजलाय. वरून उपटला की खालची गाठ राहते आणि आठ दिवसांत परत वर, म्हणून खुरप्यानं गाठीसकट काढायचा.

ती दोन्ही हातांत दोन काड्या धरून विचारते, "अक्का, ह्ये ठेवायचं आन त्ये काढायचं? दोन्ही गवातच की." म्हटलं, मामांना विचार. ह्यांनी खरंच खुर्चीतून दाखवलं, हे नको, ते ठेव. म्हणाली, "आमच्याकडं मेंढरं सोडली आसती, एका दिसात सगळं मोकळं." मला ते एकदम पटलं.

२७ सप्टें., शुक्र.

पिवळे डाग वाढतायत. मला वाटत होतं माझ्या कापण्यानं. आज डागाच्या कडेला धरून ओढलं तर गवत चादरीसारखं हातात आलं, मुळंच नाहीत. खाली पांढऱ्या, जाड, वेटोळं घातलेल्या अळ्या. शांतव्वा म्हणाली, "हुमणी हाय, अक्का. उसातली." इतकी वर्षं उसाला हुमणी लागल्याचं ऐकत आले. ती आपल्या दारात येईल असं कधी वाटलं नव्हतं.

दुकानात गेले. दुकानदार विचारतो, किती एकर? म्हटलं, अंगण आहे. मागच्या बाकावरचे दोघं हसले. अळ्या मारणाऱ्या बुरशीची पावडर दिली, शेणखतात मिसळून ऊन उतरल्यावर टाकायची, पाणी मारायचं. टाकली. कंबर गेली. मग ह्यांचं जेवण, गोळ्या, चादर बदलणं. लॉन ठेवायला सांगणारे खुर्चीत, करणारी मी एकटी.

३० सप्टें., सोम.

सुनील म्हणाला, आई, पेव्हिंग ब्लॉक टाकून घेऊ. चिखल नको, कापणं नको. बाबांची खुर्चीही आरामात फिरेल. तुझे हाल बघवत नाहीत.

हो म्हणाले. लगेच. विचारही केला नाही. फोन ठेवल्यावर आत गेले तर हे दूरदर्शनवर क्रिकेट बघत होते. काही सांगितलं नाही.

१ ऑक्टो., मंगळ.

ब्लॉकवाला माप घ्यायला आला. फीत घेऊन या कुंपणापासून त्या कुंपणापर्यंत. हे व्हरांड्यात. सगळं बघत होते. मध्येच म्हणाले, "थम." मोठ्यानं. दोनदा.

तो माणूस थांबला. "काकू, काका काय म्हणत्यात?"

"चहा मागतायत," मी म्हटलं.

का म्हटलं असं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं. सगळं समजतं त्यांना. डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, शब्द गेलेत, डोकं जागेवर आहे.

संध्याकाळी घास तोंडाशी नेला तर मान भिंतीकडं.

४ ऑक्टो., शुक्र.

तीन दिवस व्हरांड्यात यायलाच तयार नाहीत. खुर्ची दाराकडं वळवली की डावा पाय जमिनीला टेकवून ठेवतात. व्यायाम घ्यायला येते त्या मुलीला हात धरू देईनात. ती मला म्हणते, काही झालंय का काकू? 

मी माळी नाही, नर्स नाही. बालवाडीत पोरं सांभाळली, घरी सुनीलला एकटीनं वाढवला. तेव्हा हे वर्षातून दोन महिने यायचे. पाहुण्यासारखे. हे अंगण तेव्हा माझं होतं. मेथी, कोथिंबीर, चार वांगी. आणि शेवगा. इतक्या शेंगा यायच्या की आळीभर वाटायचे. हे रिटायर होऊन आले आणि आठवड्यात शेवगा तोडला. फौजेत मेसपुढं असायचं तसं लॉन पाहिजे म्हणून. मी शाळेतून आले तर खोड रस्त्यावर पडलेलं.

तेव्हा गप्प बसले. अकरा वर्षं झाली.

७ ऑक्टो., सोम.

आज मी बोलले. कपडे घड्या घालत होते, ठरवलं काहीच नव्हतं. "ब्लॉकचं तुम्हाला विचारलं नाही म्हणून राग आलाय ना. शेवगा तोडला तेव्हा मला विचारलं होतंत?"

मग थांबलेच नाही. पापड वाळत घातले तेव्हा उचलायला लावले होते, ते. लॉनवर मी चप्पल घालून गेले म्हणून पाहुण्यांसमोर मला बोलले होते, ते. सगळं. ते नुसते ऐकत. बोलू शकत नाहीत अशा माणसाशी भांडणं सोपं असतं हेही मनात आलं, तरी थांबले नाही.

शेवटी त्यांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. तोंड उघडलं. ओठ बराच वेळ हलले, घामाघूम झाले. मग आलं ते "थम".

माफी होती की हुकूम, कळायला मार्ग नाही.

९ ऑक्टो., बुध.

स्वतःहून व्हरांड्यात आले, म्हणजे दाराकडं बोट केलं. पाऊस गेला म्हणजे गुलाब छाटायचे दिवस. दरवर्षी तेच छाटायचे. कात्री माझ्या हातात, बोट त्यांचं. वाळलेली काढ. आत वळलेली काढ. बाहेरच्या डोळ्याच्या वर तिरपा काप. एक चुकीच्या ठिकाणी कापला तर हातावर चापट. मला इतका राग आला की कात्री टाकून आत जाणार होते. गेले नाही. नऊ झाडं झाली, कुंपणाची मेंदीही कमरेएवढी आणली.

शांतव्वा पाचोळा भरत म्हणाली, "मामांना बोलाय येत न्हाई त्येच बरं हाय अक्का, न्हाईतर किती बोलले असते." हे हसले. तोंडाच्या एकाच बाजूनं, पण हसले. झटक्यानंतर पहिल्यांदा.

मी नाही हसले. हात फोडांनी भरलेत.

११ ऑक्टो., शुक्र.

तीन ठिकाणी वीतभर उकरून बघितलं. दोन अळ्या जिवंत. एक मेलेली, अंगावर हिरवट बुरशी. म्हणजे औषध लागू पडतंय, किंवा एकच मेली. डागांच्या कडेनं बारीक कोंब आहेत, ते लॉनचे की लव्हाळ्याचे मला ओळखता येत नाही.

ब्लॉकवाल्याचा फोन, दसरा झाला की सोमवारी माल आणतो. सुनीलला म्हटलं, जरा थांबवूया का. तो वैतागला. "आई, तूच हो म्हणालीस. उद्या तू पडलीस अंगणात तर दोघांना कोण बघणार?" चुकीचं काय बोलला.

१४ ऑक्टो., सोम.

नऊला ट्रॅक्टर आला. ब्लॉक फाटकाबाहेर उतरवलेत. दोन गडी, एक मिस्त्री. तो विचारतो, "काकू, कुठल्या कोपऱ्यापासून उखडायचं?" म्हटलं, चहा घ्या आधी.

आत आले, ह्यांच्या समोर बसले. "सरळ विचारते. ब्लॉक बसवू? मान हलवून सांगा."

मान हलवली. हो.

माझा विश्वास बसेना. व्यायामवाली म्हणाली होती, कधीकधी हो आणि नाही यांची अदलाबदल होते, उलटं विचारून बघा. म्हणून विचारलं, "मग लॉन ठेवू?"

हो.

परत पहिला प्रश्न. हो. परत दुसरा. हो. डोळे मात्र माझ्यावर, अगदी शांत. गोंधळलेले वाटले नाहीत. तुला काय करायचं ते कर, असं म्हणत असतील का? का नुसती मान हलतेय?

उठून इकडं आले आणि हे लिहितेय. बाहेर कप खाली ठेवल्याचे आवाज आले. मिस्त्री हाक मारतोय. उठायला हवं.