भिंत की टेकडी

प्रिय ताई,

शाळेच्या हॉलोवे बाईंना मी बजावून सांगितलंय, विमानातून उतरल्यावर आधी हे पत्र ताईच्या हातात द्या, बाकीचं मागून. तुला एअरलाइनच्या ऑफिसातून नुसता निरोप मिळाला असेल, 'विमानतळावर ये, बहिणीने बोलावलंय.' कामावरून रजा काढावी लागली म्हणून तू तणतणत आली असशील. तणतण, तुझा हक्कच आहे तो. पण आधी तिथल्या एखाद्या खुर्चीवर बस आणि हे शेवटपर्यंत वाच. मंगळवारपासून आमचा टॉवर बंद आहे, फोन लागत नाही, आणि आपलं शेवटचं बोलणं म्हणजे भांडणच झालं होतं. तू म्हणालीस, "पोरांना घेऊन ये, अगाफिया, आता ऐक माझं." मी म्हणाले, "नाही म्हणजे नाही," आणि फोन आपटला. तुला वाटलं असेल मला राग आला. राग कसला गं! मला भीती वाटत होती. तू अजून एकदा 'ये' म्हणाली असतीस तर मी तिथेच रडायला लागले असते.

तू अँकरेजला गेलीस तेव्हा आपल्या दारापासून नदी किती लांब होती ते आठव. आधी आईचे मासे वाळवायचे मांडव, मग होड्या, आणि त्याच्याही पलीकडे ती झुडपं, जिथे लपून आपण मात्फीला रडवायचो. झुडपं तू गेलीस त्याच वर्षी गेली. मांडव दोन वर्षांपूर्वी गेले. बाबांची वाफेच्या अंघोळीची खोली गेल्या शरद ऋतूत गेली, स्टोव्हसकट. आता दार उघडलं की नदी. काठ तुटतो तेव्हा धप्प असा आवाज येतो, मोठा नाही, कुणी ओलं पोतं जमिनीवर टाकावं तेवढाच. पण तो आवाज आला की माझ्या हातातलं काम गळून पडतं. एवॉनला मी हल्ली लाइफ जॅकेट घालून झोपवते. त्याला सांगितलंय की हा खेळ आहे, जो सकाळपर्यंत काढणार नाही तो जिंकला. सहा वर्षांचं पोर, रोज जिंकतं आणि बक्षीस मागतं. थोरलीला, नास्तासियाला, खेळ वगैरे सांगावं लागत नाही. ती काही विचारत नाही, मुकाट्याने आपलं जॅकेट चढवते, आणि तिच्याकडे बघून मला जास्त भीती वाटते.

मग पोरांना घेऊन का आले नाही, असं तू विचारशील. ताई, शाळेत अकरा मुलं आहेत. दहाच्या खाली गेली की सरकार शाळा बंद करतं, हे तुला मी काय सांगू. ऑक्टोबरची मोजणी चालू आहे, अजून आठवडा बाकी आहे. माझी दोन गेली की नऊ. शाळा गेली की हॉलोवे बाई जाणार, मग पोरंबाळं असलेली चार घरं जाणार, मग दुकान, मग टपालाचं विमान. आणि ओसाड गावाला ना कुणी भिंत बांधून देणार ना टेकडीवर घरं. हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण मला कुणी 'राहा' म्हणालं नाही, बरं का. नुसतं देत राहिले. कुणी वाळवलेल्या माशाच्या पट्ट्या दाराला टांगून जातं, कुणी मूसच्या मांसाचं सूप आणून ठेवतं, कुणी चरबी फेटून केलेलं, बेरी घातलेलं गोड अकुताक. रोज दार उघडायचं आणि काहीतरी ठेवलेलं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर मी पोरांची बखोटी धरून त्याच दिवशी निघाले असते. त्या सुपाने माझे पाय बांधले.

त्यात ही निवडणूक. तुमच्याकडे टीव्हीवर काय चालतं मला माहीत नाही, इथे वायरलेसवर चालते. बिंगोचे आकडे पुकारून झाले की कुणीतरी माइक दाबून खासदाराचा विषय काढतं आणि मग सगळं गाव आपापल्या स्वयंपाकघरात बसून भांडतं. एका बाजूला आपला म्हातारा ब्रँडविक, वीस वर्षं वॉशिंग्टनला आपल्या नावाने बसलेला. धावपट्टी त्याने आणली, डिझेलच्या टाक्या त्याने आणल्या, वरच्या वळणावरची दगडी भिंतही त्याचीच. अर्धी का होईना, आहे. दुसऱ्या बाजूला ती नवी ऑडेट, जी म्हणते की भिंतीवर आता एक पैसा घालू नका, पाच वर्षांत सगळं गाव उचलून मागच्या टेकडीवर न्या, आणि समुद्रातली मासेमारीची मोठी जहाजं थांबवा म्हणजे रावस परत नदीत येईल.

तुझा मेहुणा, वासिली, तो ब्रँडविकच्या बाजूचा. पंचायतीचा अध्यक्ष म्हणून नाही, त्या भिंतीचे दगड त्याने स्वतःच्या हातांनी लावलेत म्हणून. तो माइकवर शांतपणे म्हणतो, "केलेलं डोळ्यांना दिसतं. करीन म्हणणारे आजवर खूप बघितले." त्यावर मात्फी गप्प बसेल होय? आतेभाऊच तो, टोमणे मारल्याशिवाय त्याला जेवण जात नाही. म्हणाला, "दाजी, तुमची भिंत वरच्या वळणावर, आणि नदी खालून, खाडीकडून चढते. तिला कुणीतरी पत्ता द्या ना." सगळं गाव हसलं असणार, माझंही हसू फुटलं, वासिलीने डोळे वटारले. मग एलेना मावशी आली वायरलेसवर. तिचं म्हणणं, "ब्रँडविक माझ्या भावाच्या मयताला आला होता. शवपेटीला खांदा दिला त्याने. ती ऑडेट कधी आली आपल्या दारात?" आणि मात्फी लगेच, "मयताला येतो गं मावशी, कोण नाही म्हणतंय? पण त्याला बोलवायचं म्हणून दर वेळी मरायचं की काय आपण?" मावशीही कमी नाही. म्हणाली, "आणि तुझ्या त्या टेकडीवर मासा काय चढून येणार आहे? का तू खांद्यावरून पाणी नेणार?" असं रोज चालायचं. मला ते ऐकवत नव्हतं आणि बंदही करवत नव्हतं. वाटायचं, ही माणसं इतक्या मजेत भांडताहेत, म्हणजे घाबरलेली मी एकटीच. बाकीचे सगळे शूर आणि मी तेवढी भित्री.

बुधवारी संध्याकाळी असंच भांडण रंगलं होतं. वासिली बोलून झाला, माइक ओट्यावर ठेवला आणि मी ब्रेडसाठी मैद्याची पिशवी उतरवली ती न बघता नेमकी त्याच्यावर. बटण दाबलेलंच राहिलं. तुला आठवतं ना, एकाचं बटण दाबलेलं असलं की बाकी कुणाला मध्ये बोलताच येत नाही, नुसतं ऐकत बसायचं. आम्हाला वाटलं सगळे जेवायला गेले, म्हणून शांत झालं. आणि ताई, तेव्हाच माझा बांध फुटला. वासिलीने सहज म्हटलं, "शनिवारी वादळ येतंय म्हणतात, पण ब्रँडविकला मी पत्र लिहिलंय." मी म्हणाले, "घाल ते पत्र चुलीत! तुझा ब्रँडविक येऊन माझ्या एवॉनला पाण्यातून काढणार आहे का? तुला माहीत आहे का मी पोराला जॅकेट घालून झोपवते? मला भिंत नको, टेकडी नको. मला माझी पोरं जिवंत पाहिजेत. या गावाच्या शाळेत आकडा भरावा म्हणून मी माझ्या पोरांना नदीच्या तोंडात ठेवलंय, आणि लोकांनी दिलेलं सूप माझ्या घशाखाली उतरत नाही!" आणखी बरंच बोलले. त्याच्या आईबद्दलही बोलले, ते इथे लिहीत नाही. तेवढ्यात दारावर धाडधाड वाजलं. मात्फी, पायात बूटही धड नाहीत, धापा टाकतोय. म्हणाला, "माइक! तुमचा माइक!"

पिशवी अशी ओढली की अर्धा मैदा जमिनीवर. वायरलेस मोकळा झाला तरी कुणी बोलेना. मला वाटलं, संपलं, आता या गावात तोंड दाखवायला जागा नाही. मग एलेना मावशीचा आवाज आला, खरखरीत. म्हणाली, "अगाफिया, पोरी, मी महिनाभर बूट घालून खुर्चीत झोपतेय." बस्स, एवढंच. मग दुकानवाल्या निकोलायची बायको म्हणाली की तिने दोन्ही नातवंडांची नावं त्यांच्या कोटांच्या आत शिवून ठेवलीत. कशासाठी, ते ती बोलली नाही, आणि सगळ्यांना कळलं. आणि मात्फी आमच्याच ओट्याला टेकून उभा होता, त्याने माझ्या हातातून माइक घेतला आणि गावाला सांगितलं की त्याने होडी काठावरून काढून घराच्या दाराशी बांधलीय आणि तो ती रोज तपासतो. आम्ही सगळे त्या होडीला बघत होतो, बरं का. मी त्याला विचारलंही होतं. तो म्हणाला होता, रंग द्यायचाय.

मी समजत होते की शूरांच्या गावात मी एकटी भित्री. छे गं, सगळं गाव थरथरत होतं आणि थरथर ऐकू येऊ नये म्हणून मोठ्याने भांडत होतं. हे कळल्यावर धीर यायला हवा ना? मला नाही आला. उलट पायाखालची जमीनच गेली. एक माणूस घाबरला तर ती त्याची कल्पना म्हणता येते. सगळेच घाबरलेत म्हणजे ते खरं आहे.

काल, गुरुवारी पहाटे, बेथेलच्या हवामान ऑफिसातून पक्की बातमी आली. वादळ शनिवारी रात्री, भरतीच्या वेळी, आणि वारा थेट खाडीतून वर. मोठ्यांनी शाळेच्या इमारतीत जमायचं, ती खांबांवर आहे. वासिली सकाळी काठावर जाऊन आला, चहा घेतला नाही, सरळ माइक उचलला. मला वाटलं नेहमीसारखं धीर धरा म्हणेल. त्याने काय सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहिते. म्हणाला, "मी वासिली बोलतोय. ब्रँडविकची भिंत आणि ऑडेटची टेकडी, दोन्ही शनिवारपर्यंत येत नाहीत. उद्या विमानाच्या दोनच फेऱ्या होतील, मग हवा बंद. माझी पोरं उद्या जाताहेत. शाळा बंद पडली तर पडू दे. ज्यांना पोरं आहेत त्यांनी ऐका." आणि माइक खाली ठेवून माझ्याकडे पाठ करून उभा राहिला. इतक्या वर्षांत त्याची पाठ अशी हलताना मी कधी पाहिली नव्हती. त्यानंतर वायरलेसवर भिंतीचा किंवा टेकडीचा शब्दही कुणी काढला नाही. मतदान पुढच्या पंधरवड्यात आहे. इथे मत द्यायला कोण असेल, आणि मत द्यायला जायची ती शाळा असेल का, देव जाणे.

म्हणून हे पत्र, ताई. तुझी दोन खोल्यांची जागा आहे, हे मला माहीत आहे. मी स्वतः येत नाहीये, सासूबाई अंथरुणावरून उठू शकत नाहीत आणि वासिली त्यांना सोडणार नाही. विमानात मोठ्यांना जागाही नाही, फक्त हॉलोवे बाई. आता वर बघ. बाईंच्या मागे, सामानाच्या पट्ट्यापाशी, आमची दोघंच नाहीत. अकराच्या अकरा आहेत. निकोलायची नातवंडं आहेत, मात्फीच्या तिघी आहेत, सगळी आहेत. गावात आता एकही मूल नाही. तुला न विचारता पाठवली, कारण दुसरं कुणाला पाठवणार? चर्चमध्ये सांग, शेजाऱ्यांना सांग, कुठेही झोपव, पण एकमेकांपासून लांब करू नकोस. धाकट्यांना आम्ही सांगितलंय की बास्केटबॉलचा सामना बघायला चाललाय, तर एखादा सामना दाखव. मोठ्या मुलांना काही सांगितलेलं नाही आणि त्यांना सगळं कळतंय. 'घरी कधी जायचं' असं विचारतील, आज रात्रीच विचारतील. खोटं सांगू नकोस. पण रविवार संध्याकाळपर्यंत खरंही काही सांगू नकोस.

तुझीच धाकटी,
खूप खूप घाबरलेली
अगाफिया