तेवीस राव

मी, टी. कृष्णाजी राव, वय एकाहत्तर, राहणार अण्णा नगर, चेन्नई, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. मन नाही, पण कायदा मनाचे विचारत नाही.

१. राहते घर आणि बँकेतली ठेव माझी मुलगी हरिप्रिया हिला. माझी पत्नी अन्नपूर्णाबाई गेल्यापासून तिनेच मला सांभाळले.

२. गिंडीचे मोटर वाइंडिंगचे दुकानही तिलाच द्यायचे होते. आता देत नाही, कारण देण्यासारखे काही उरले नाही. गेल्या वर्षी एका बाईंच्या घरी ऐन लग्नात पाण्याचा पंप जळाला. त्यांची घाई पाहून, नव्याने गुंडाळलेल्या तारेवरचे वार्निश पुरते वाळायच्या आत मी मोटर देऊन टाकली. दोन दिवसांत ती पुन्हा जळाली. बाईंनी इंटरनेटवर लिहिले, "काम येत नाही, जाऊ नका." तक्रार खरी होती. मी मोटर फुकट करून दिली, माफी मागितली. लिहिलेले मात्र तसेच राहिले.

मग मी चूक केली. तमिळ गिऱ्हाइकांना चांगले लिहा म्हणायची लाज वाटली, म्हणून आपल्या तंजावरी मराठी मंडळींना सांगितले. आमच्यात नाते असो वा नसो, बहुतेक सगळे नावापुढे रावच लावतात. तेवीस जणांनी लिहिले. सगळी जुनी गिऱ्हाइके, एक शब्द खोटा नाही. हरिप्रियाने वाचून कपाळाला हात लावला. "अप्पा, तेवीसच्या तेवीस राव. लोक एकाच घरचे समजतील." तसेच झाले. आठवड्यात त्या संकेतस्थळाने तेवीसही मते पुसून टाकली आणि बाईंच्या तक्रारीच्या कोणीतरी खाली शेरा मारला, 'मालक घरच्यांकडून स्तुती लिहून घेतो.' एक खरे राहिले, तेवीस खरी खोटी ठरली. तेव्हापासून दुकानाचा फोन वाजत नाही. मला फार लागले आहे. कोणाजवळ बोललो नाही, इथे लिहितो.

३. वाइंडिंगचे यंत्र, भट्टी व तांब्याची तार माझा कारागीर राममूर्ती याला. अट एकच, पाटीवर माझे नाव ठेवू नये. तो म्हणाला, "अण्णा, त्या नावाखालीच मी काम शिकलो." शिकला असेल, पण त्या नावावर आता त्याचे पोट भरणार नाही.

४. त्या बाईंवर राग नाही. शेरा मारणाऱ्यावर आहे, पण त्याचे नावगाव ठाऊक नाही, तेव्हा तो राग माझ्याबरोबरच जाईल.

५. आमच्या मंडळींनी वाईट वाटून घेऊ नये. या कागदावर तरी कोणी संशय घेऊ नये, म्हणून साक्षीला एकही राव बोलावलेला नाही.

सही: टी. कृष्णाजी राव

साक्षीदार:
एस. इळंगोवन, शेजारी
मेरी स्टेला, परिचारिका

चेन्नई, १४ नोव्हेंबर २००९